ताबोकाईचं खत

ताबोकाईचा माणसांवर विश्वास नव्हता. खेकड्यांवर होता थोडाफार. खेकडा चोरी करायला येतो तेव्हा निदान तिरका चालतो. माणसं सरळ चालत येतात, बरं आहे ना म्हणून विचारतात, आणि विचारता विचारता डोळा तुमच्या खड्ड्यात टाकून जातात.

खड्डा म्हणजे बाबाईचा खड्डा. आमच्या बेरू बेटावर माती कसली, नुसता पोवळ्यांचा चुरा. खाली गोडं पाणी लागेपर्यंत खणायचं आणि त्या ओलीत बाबाई लावायची. अळूचीच जात ती, पण पान एवढं की त्याखाली माणूस पावसात कोरडा राहील. तिचा गड्डा जमिनीत वर्षानुवर्षं पोसायचा. रोजच्या पोटाला तो काढत नाहीत, तो निघतो मानेआबात, गावाच्या शाकारलेल्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत. ज्याचा गड्डा काठीला बांधून चौघांना आणावा लागतो त्याचा शब्द म्हातारे ऐकतात. ज्याचा काखेतून येतो त्याने गप्प बसून जेवावं.

आणि गड्डा वाढतो खतावर. कुठली पानं, किती वाळवायची, कशावर काय घालायचं, केवड्याच्या पातीचं कडं झाडाभोवती कधी बांधायचं, हे ज्याचं त्याचं घरचं. बाप एकाच पोराला सांगतो, तेही खड्ड्यात उतरून, कानाशी. म्हणूनच दुसऱ्याच्या खड्ड्याच्या काठावर न बोलावता कुणी जात नाही. गेलाच, तर तो चोर, मग हातात काही असो नसो.

ताबोकाई तरुणपणी बनाबा बेटावर होता, फॉस्फेट खणायला. तेव्हा अर्धं बेरू तिथंच होतं. तिथल्या म्हाताऱ्यांकडून त्याने ऐकलं होतं, साहेब आले, गोड बोलले, कागद पुढे केला, आणि बघता बघता बेटाची माती जहाजात भरून दुसऱ्यांच्या शेतांवर गेली. मागे उरलेले दगडांचे सुळके त्याने डोळ्यांनी पाहिले. ज्या वर्षी इंग्रज गेले आणि आपला झेंडा चढला त्याच वर्षी खाण संपली आणि सगळे घरी परतले. ताबोकाईने परत येताना एक पत्र्याची पेटी आणली आणि एक धडा आणला. गोड बोलणाऱ्याला जमिनीजवळ फिरकू द्यायचं नाही.

"रोकड म्हणजे भरतीचं पाणी," तो म्हणायचा. "आलं की लोक नाचतात. गेलं की चिखल बघत बसतात."

त्याच्या बापाने त्याला खत सांगितलं ते त्यानंतर. त्याने ते आपल्या पोराला, रुतेरूला, सांगायचं होतं. पण रुतेरू गेला राजधानीला, ताराव्याला, खलाशाचं शिक्षण घ्यायला आणि तिथून परदेशी जहाजांवर. तो निघाला त्या दिवशी ताबोकाईने खड्ड्याच्या मधोमध एक बाबाई लावली. हा परत येऊन राहील तेव्हा याच झाडाशी उभं करून सांगीन, असं ठरवलं. झाड वाढलं. रुतेरू मध्ये येऊन लग्न करून गेला, एक पोरगी झाली, पण राहायला काही आला नाही. आता ताबोकाई सत्तरीला टेकला होता. गावाने मानेआबाचं छप्पर नवं केलं होतं, नाताळात त्याची पंगत होती, आणि मधली बाबाई त्या पंगतीला निघायची होती. ती निघाली की घराण्याचं नाव होणार होतं. पण विद्या अजून त्याच्या एकट्याच्या पोटात होती, आणि रात्री छातीत कळ आली की त्याला पहिली आठवण तिचीच यायची.

अशात त्याच्या डोळ्यावर आली त्याची सून, तेराओई.

बाई कामाची, तोंडाने कमी. पण रोज सकाळी पोरगी शाळेत गेली की ही डोक्यावर टोपली घेऊन उत्तरेला निघायची, भावाकडे. टोपलीवर चटईचा तुकडा झाकलेला. परत यायची ती दुपार कलल्यावर, थकून भागून. माहेरी कुणी एवढं थकतं का? ताबोकाईने एकदा विचारलं, टोपलीत काय नेतेस. "काही नाही मामंजी, आपलं असंच," म्हणाली. आता ज्या टोपलीत काही नाही ती झाकायची कशाला, हे तुम्हीच सांगा.

त्यात तेकाबूने तेल ओतलं. तेकाबू त्याचा बनाबापासूनचा सोबती, संध्याकाळी माडी घ्यायला यायचा आणि माडीबरोबर गावाची लफडी पोचवायचा. इआबेताच्या, म्हणजे तेराओईच्या भावाच्या, घरावर नवा पत्रा चढला होता. तेकाबू म्हणाला, इआबेता हल्ली छाती काढून चालतो, नाताळात गावाला दाखवतो म्हणतो.

"काय दाखवतो?"

"ते मला काय ठाऊक. पण त्याच्या बापाची बाबाई मुठीएवढी असायची. आता हा काय दाखवणार, आणि कुणाच्या जिवावर?" असं म्हणून तेकाबूने वाटी तोंडाला लावली आणि वाटीच्या कडेवरून ताबोकाईकडे बघत राहिला.

झालं. ताबोकाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आपण पहाटे खड्ड्यात उतरतो तेव्हा ही चूल पेटवायला उठलेली असते. वरून दिसत असेल हिला. आपण पानं वाळत घालतो ती हिच्याच अंगणात. टोपलीत नमुने जात असतील. बापजाद्यांची विद्या चटईखाली झाकून भावाला पोचते आहे आणि आपण हिच्याच हातचा भात खातो आहोत! त्याला जेवण गोड लागेना.

एकदा तो तिच्या मागावर निघालाही. केवड्याच्या झाडांआडून, वाकून, या वयात. वाटेवरच्या सुक्या झापावर पाय पडला आणि असा आवाज झाला की दोन कोंबड्या ओरडत सुटल्या. तेराओई वळली.

"वाट चुकलात का मामंजी?"

"केवडा बघतोय. चटईला."

"चटया मी विणते. तुम्ही कधीपासून?"

तिने हसून विचारलं होतं, पण त्याला ते हसू टोचलं. चोर तर ती, आणि ओशाळला हा! पुढे जाता येईना. इआबेताच्या खड्ड्यापर्यंत गेला असता आणि कुणी पाहिलं असतं, तर या वयात गावाने चोर म्हणून त्यालाच धरलं असतं.

मग त्याला युक्ती सुचली, आणि सुचली तशी तो स्वतःवर खूश झाला. हिला खत सांगायचं. पण खोटं. हिने ते भावाला पोचवलं की इआबेताची बाबाई कुजेल, बाबाई कुजली की गावभर बोभाटा होईल, आणि चोर आपोआप उघडा पडेल. आपल्याला काठावर जायलाही नको.

त्याने तिला खड्ड्यात बोलावलं. ती आली ती घाबरतच, कारण आजवर त्या खड्ड्यात बाईमाणूस उतरलं नव्हतं. मधल्या झाडाशी उभं करून तो म्हणाला, रुतेरू समुद्रावर, माझा काही नेम नाही, तेव्हा तू ऐकून ठेव. आणि त्याने अगदी बापासारखाच आवाज खाली करून सांगितलं. नीरफणसाची पानं ताजी घ्यायची, हिरवीगार. त्यात माशांची आतडी कालवायची. वाळू मध्ये न ठेवता थेट गड्ड्याला भिडवून दाबायची, वरून गच्च झाकायचं, वारा लागू द्यायचा नाही. ज्याला बाबाईतलं काही कळतं तो हे ऐकून कपाळाला हात लावील. हिरवं पान झाकलं की तापतं, आणि तापलेल्या पानात आतडी म्हणजे गड्ड्याचं मरणच. पण तेराओईला कोण सांगणार? तिच्या माहेरीही बाबाईचं काम पुरुषांचंच.

तिने ते त्याच्यासमोर तीनदा म्हणून दाखवलं. मग पदराला हात पुसतात तसे उगाचच लुंगीला हात पुसत उभी राहिली.

"मला सांगितलंत," ती म्हणाली. "मला वाटायचं तुम्ही मला परकीच धरता." तिचे डोळे भरले होते.

ताबोकाईला आत कुठंतरी लागलं. पण लगेच त्याने मनाला बजावलं, नाटकं आहेत सगळी. तो एवढंच म्हणाला की मी धडधाकट असेपर्यंत खड्ड्याला हात लावायचा नाही.

आणि नेमका त्यानंतर त्याच्या पायात काटा भरला. खडकावर जाळं टाकताना विषारी माशावर पाय पडला, पाय सुजून माडाच्या बुंध्यासारखा झाला, ताप चढला. दवाखान्यातली नर्स म्हणाली, पाय हवा असेल तर झोपायच्या मचाणावरून उतरायचं नाही. मग काय, मचाणावर पडल्या पडल्या जगाकडे बघणं, एवढंच काम त्याला उरलं, आणि संशयी माणसाला याहून वाईट काम नाही.

त्याने पाहिलं, तेराओई मासे साफ करताना आतडी टाकत नाही, करवंटीत साठवते. शेजारणींकडूनही मागून आणते. त्याने पाहिलं, ती नीरफणसाची कोवळी फांदी तोडते, पानं टोपलीत भरते, चटई झाकते आणि निघते; घराआड गेली की पुढची वाट मचाणावरून दिसत नव्हती. तापातही त्याला हसू आलं. सापडली! भात वाढायला वाकली की तिच्या हातांना माशांचा वास यायचा. तो मुकाट्याने जेवायचा आणि मनात म्हणायचा, ने बाई, ने. अजून ने. एकदा तिने विचारलं की कड्याच्या आतून झाकायचं की बाहेरून. भावाने विचारून पाठवलं असणार, दुसरं काय! "आतून," तो म्हणाला, "चांगलं दाबून." त्या रात्री त्याला छान झोप लागली.

पाय जमिनीला टेकवता यायला लागला तेव्हा नाताळ तोंडावर आला होता, आणि इआबेताच्या बाबाईची काहीच बातमी नव्हती. तेकाबूला खोदून विचारलं, तर म्हणे मला काही वास आला नाही. ताबोकाईला धीर धरवेना. लपवत असतील. रात्रीतून उपटून पुरली असेल. अखेर तेराओई बाहेर गेलेली बघून त्याने काठी घेतली आणि गावाच्या देखत, भर उन्हात, उत्तरेची वाट धरली. म्हणू दे काय म्हणायचं ते.

इआबेताच्या घरामागे, माडांच्या सावलीत, खड्डा होता. ताबोकाई त्याच्या काठावर जाऊन उभा राहिला आणि बघतच राहिला. खड्ड्यात बाबाईचं एक पान नव्हतं. तो काठोकाठ नारळाच्या सोडणांनी भरला होता, जुनी सोडणं काळी पडलेली, त्यावर नवी, आणि त्यांत उंदरांनी घरं केली होती.

"काय बघताय?" इआबेता मागून आला. हातात कोयता, अंगावर खोबऱ्याचा वास. दुसऱ्या कुणी असं काठावर पाहिलं असतं तर आरडाओरडा केला असता, पण त्याला नुसतं नवल वाटलं होतं.

"तुझी बाबाई..."

"कुठली बाबाई? सरकारने सुक्या खोबऱ्याचा भाव वाढवला तेव्हाच सोडली. कोण दहा वर्षं वाट बघतो? नारळ फोडला, वाळवला, वखारीत घातला, शनिवारी पैसे. अख्खं गाव तेच करतंय. तुमच्या टोकाला तेवढं तुम्ही एकटे राहिलात." मग नव्या पत्र्याकडे हात करून म्हणाला, नाताळात या, पत्र्याखाली पंगत घालतोय, तांदूळ आणि डबाबंद मटण, गावाला दाखवतो.

ताबोकाईने विचारलं, तेराओई इथे काय करते मग.

इआबेताने कोयता खाली ठेवला. बोलावं की नाही असं त्याच्या तोंडावर दिसलं. "तुम्हाला सांगायचं नाही असं तिने मला बजावलंय," तो म्हणाला. "नारळ फोडते ती माझ्याबरोबर. तुमच्या घरात रोकडीचं काम चालत नाही, म्हणून इथं येते. टोपलीत तिचा कोयता असतो, तुम्हाला दिसू नये म्हणून झाकलेला."

"कशाला? रुतेरू पाठवतो की दर महिन्याला."

"रुतेरूची जहाजावरची नोकरी सुटून दोन वर्षं झाली. कंपन्या आता दुसरीकडची माणसं घेतात. तो ताराव्यात, बेशोच्या बंदरावर, पडून असतो. पितो. घरी यायची लाज वाटते त्याला, तोंड काय दाखवू म्हणतो. तुम्ही दोन वर्षं जो तांदूळ खाताय तो या खड्ड्यातल्या सोडणांचा आहे, ताबोकाई."

ताबोकाई खाली बसला. पाय दुखत होता म्हणून बसला असं इआबेताला वाटलं असेल. त्याला रुतेरूचा चेहरा आठवेना, एवढा काळ गेला होता. ज्याच्यासाठी विद्या पोटात धरून ठेवली तो पोरगा ताराव्यात गटारात पडलेला, आणि जिला चोर म्हटलं ती त्याच्या नावाने आपल्याला पोसत होती.  इआबेताने शहाळं आणून दिलं, ते त्याने तोंडाला लावलं, आणि अर्ध्या घोटावर थांबला.

मग ती आतडी कुठं गेली?

परतीची वाट तो कसा चालला हे त्यालाच ठाऊक. पायाची जखम फुटली, त्याचंही भान नव्हतं. खड्डा लांबूनच कळला, वासावरून; इतके दिवस तो वास त्याने तिच्या हातांचाच धरला होता. तेराओई खाली मधल्या झाडाशी गुडघ्यांवर बसली होती. झाडाची पानं पिवळी पडून वाकली होती. तिने कड्यात हात घातलेला होता आणि गड्ड्याचा जो भाग हाताला लागत होता तो भिजलेल्या भातासारखा गळून येत होता.

त्याला बघून ती उठली नाही. "तुम्ही पडून होतात," ती म्हणाली. "नाताळ जवळ आला, झाडाकडे बघायला कुणी नाही. म्हटलं आपल्याला सांगितलंय तर आपण करावं. तुम्ही सांगितलं तसंच केलं मामंजी, रोज केलं. माझं कुठं चुकलं?"

ताबोकाई काठाला धरून खाली उतरला. बोलायचं ठरवावं लागलं नाही, ते आपोआपच तोंडातून आलं. "तुझं नाही चुकलं. मी तुला खोटं सांगितलं होतं."

तिला कळायला वेळ लागला. मग कळलं. का, ते तिने विचारलं नाही, कारण तेही कळलं असावं. केवड्याआडचा म्हातारा, टोपलीकडची नजर, सगळं. तिने हात वाळूवर पुसले, वर चढली आणि घरात गेली. रडली नाही. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

नाताळच्या पंगतीला ताबोकाई मानेआबात आपल्या घराण्याच्या ठरलेल्या खांबाशी रिकाम्या हाताने बसला. काखेतूनसुद्धा काही आलं नव्हतं. म्हातारे त्याच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते. नावं पुकारली जायला लागली तेव्हा तेराओई आणि इआबेता तांदळाच्या दोन गोण्या ढकलगाडीवरून घेऊन आले आणि त्याच्यासमोर ठेवून गेले. पुकारणाऱ्याने ताबोकाईचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पूर्वी गड्ड्यांनाही कधी एवढ्या वाजल्या नव्हत्या. तेकाबू कानाशी लागून म्हणाला, सुनेने लाज राखली बघ. ताबोकाईने त्याला हाताने दूर केलं.

पंगतीचं आवरल्यावर एका सकाळी तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. ती टोपली भरत होती. कोयता आता चटईखाली नव्हता, उघडाच होता. तो म्हणाला, खड्ड्यात ये. ती थोडं थांबून आली. मधली जागा मोकळी होती, कुजकं सगळं उपसून त्याने तिथे बाबाईचा कोंब लावला होता.

तिथं त्याने तिला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. कुठल्या झुडपाची पानं, किती वाळवून चुरायची, गड्डा आणि खत यांच्यात किती वाळू सोडायची, चंद्र कुठं असताना कडं वर सरकवायचं. बापाने सांगितलं होतं त्याच शब्दांत.  रुतेरूला सांगायचं ते हिला सांगतो आहे याचं त्याला दुःख नव्हतं, उलट छाती हलकी झाली होती.

तेराओईने शेवटपर्यंत ऐकलं. या वेळी तिने म्हणून दाखवलं नाही. तिने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग कोंबाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि ती नजर ताबोकाईने लगेच ओळखली. इतकी वर्षं ती त्याचीच होती.

"आणि हे खरं, ते कशावरून?"

ताबोकाईने तोंड उघडलं. बापाची शपथ, पोराची शपथ, देवाची शपथ, सगळं जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. मागच्या वेळी त्याने याच जागी, याच आवाजात सांगितलं होतं.

"गड्डा धरला की कळेल," तो शेवटी म्हणाला.

"कधी?"

"आठ-दहा वर्षांनी."

तेराओईने मान हलवली. म्हाताऱ्याचं वय तिला ठाऊक होतं, त्यालाही होतं. तिने कोंबाभोवतीची वाळू पायाने जरा सारखी केली, वर जाऊन टोपली डोक्यावर घेतली आणि उत्तरेची वाट धरली.